पाठ फिरवायचा नियम

पाठ फिरवायचा नियम मुख्याध्यापकांनी स्वतःच घातला होता, हीच तर खरी अडचण.

खेळ टीव्हीवरचा. रंगीत घरांची वाट, तिच्यावर चार सोंगट्या, फासा टाकायचा आणि तारे गोळा करत हिंडायचं. मधूनमधून एखाद्याला सापळा मिळे. तो आपल्या पसंतीच्या घरात गुपचूप पुरायचा. दुसऱ्याचा तिथे पाय पडला की कधी तो चिखलात रुते, कधी कावळा येऊन त्याचे सगळे तारे पळवी. गुपचूप हे आपलं म्हणायला. टीव्ही एकच, आणि मुलगा, सून, नात असं सगळं घर त्याच्यापुढे मांडी ठोकून.

म्हणून मुख्याध्यापकांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं, की एक जण सापळा लावत असताना बाकीच्यांनी टीव्हीकडे पाठ करायची. "पाठ म्हणजे पाठ. नुसती मान नाही."

निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. शाळेत पोरं त्यांना 'दुर्बीण' म्हणत. कॉपी करणाऱ्याला ते वर्गाबाहेरून हुडकत आणि उत्तर पुरवणाऱ्याला दुप्पट शिक्षा देत. करणाऱ्याला निदान गरज असते, पुरवणारा निव्वळ हौशी, असा त्यांचा हिशेब. आपले आबा आयुष्यात कधी खोटं वागले नाहीत, हे नातीनं अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं. आबांनी ते ऐकलं होतं आणि दुरुस्त केलं नव्हतं. इतरांनी काय म्हणावं याची फिकीर त्यांनी केव्हाच सोडली होती. या एका मतावर मात्र त्यांचा फार जीव होता.

पाठ फिरवली की समोर काचेचं कपाट येई. मोतीबिंदू होता तोवर त्या काचेत त्यांना धुराशिवाय काही दिसलं नाही. मग ऑपरेशन झालं, आणि एका रविवारी सून सापळा लावत असताना काचेत अख्खा टीव्ही उमटला. डावं-उजवं उलट, पण तेवढा हिशेब त्यांना येत होता. डोळे मिटायला हवे होते. मिटण्याआधी त्यांनी एकदा नीट बघून घेतलं.

सून विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या खात्यात. आबांनी जवळची वाट सोडून एवढा लांबचा फेरा का घेतला, हे तिनं लगेच विचारलं. सकाळी फिरायला जाणं झालं नव्हतं, असं आबा म्हणाले. सगळे हसले आणि खोटं पचलं. त्यानंतर ते एकाही सापळ्यात सापडेनात. संशय नको म्हणून एकदा मुद्दाम चिखलात गेले, तेही त्या चिखलात काही जाणार नाही हे पाहून. मुलाला तर वाटलं, की आबांना या खेळाचं अंगच आहे. तो प्रत्येक वळणावर त्यांचा सल्ला घेऊ लागला. सगळे सल्ले बरोबर ठरले तर सून बघत बसेल, या धास्तीनं त्यांनी पोटच्या पोराला दोनदा शांतपणे चिखलात धाडलं.

पुढच्या रविवारी नात एका फाट्यावर अडली. डावीकडे तिच्या आईनं कावळा पुरला होता. आबांनी तो नुकताच काचेत पाहिला होता.

"आबा, मी कुठून जाऊ?"

सांगावं तर आपण पुरवणारे ठरतो. न सांगावं तर पोर बुडते. बघताना जे तत्त्व कुठेतरी दडलं होतं ते नेमकं आता हजर झालं. "तुझं तू ठरव," ते म्हणाले, वर्गात म्हणत त्याच आवाजात. ती डावीकडे गेली. कावळा तिचे सगळे तारे घेऊन उडाला. ती रडली नाही, तिनं आबांकडे नुसतं बघितलं. ते चष्मा पुसत बसले, चष्मा स्वच्छ होता तरी.

मग सापळा नातीला मिळाला. तिनं तो पुलावर लावला. आबांनी हेही पाहिलं. खेळ फिरून ते पुलाच्या फाट्याशी आले. एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला लखलखता तारा. आता प्रायश्चित्त घ्यायचं, त्यांनी ठरवलं. पोरीचा सापळा एकदा तरी लागू दे. ते ताठ मानेनं पुलावर चढले, कावळ्यानं त्यांचे तारे नेले, आणि ते टाळ्यांची वाट बघू लागले.

टाळ्या आल्या नाहीत. मुलगा आणि सून चहा करायला उठले तशी नात त्यांना खेटून बसली.

"पुलावर कशाला गेलात? मी लावलेला दिसला नाही का तुम्हाला?"

"मला कसा दिसेल?"

"काचेत. झालं म्हणून सांगायला मी मागे वळले होते ना गेल्या रविवारी. तुमचे डोळे एवढे मोठे होते."

आबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली, "म्हणून मी ठरवलं, आपण तरी सांगायचं. बाकीचे पुलावर अडकतील, तुम्हाला मात्र तो काचेत दिसेल आणि तुम्ही ताऱ्याकडे जाल ना. तुमच्यासाठीच लावला होता."

आबांनी "कुणाला बोललीस का?" एवढंच विचारलं आणि विचारल्यावर आणखी लाजले. तिनं नकारार्थी मान हलवली. "आईला कळलं तर ती चौकशीच लावेल."

चहा आला. सुनेला सापळा मिळाला. "चला, पाठ करा," ती म्हणाली, "आणि आबांच्या नियमाप्रमाणे, नुसती मान नको."

आबांनी पाठ केली आणि या वेळी डोळे इतके घट्ट मिटले की पापण्या दुखल्या. कानाला कोमट श्वास लागला.

"विहिरीपाशी," नात कुजबुजली.

त्यांची पाळी आली. फाट्यावर एक वाट विहिरीकडे जात होती, दुसरी नव्या ताऱ्याकडे. विहिरीकडे जावं तर पोरीचं मन दुसऱ्यांदा मोडणार, ताऱ्याकडे जावं तर स्वतःचं उरलंसुरलं तत्त्व. नातीनं त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. त्यांनी रिमोटचं बटण दाबलं आणि सोंगटी ताऱ्याकडे वळली.

नातीनं टाळ्या पिटल्या. सून म्हणाली, "कमाल आहे बाई आबांची." मुख्याध्यापकांनी मान खाली घातली ती वर येईना.

"आवाज कमी करा गं," मुलगा हळूच म्हणाला, "आबांना डुलकी लागलीय."