शेंगदाणे, स्ट्रॉ आणि दिगू साळवे

दिगू साळवेच्या खिशात कायम एक शिट्टी असते. तो ना पोलीस, ना पंच, ना शाळेतला पीटीचा मास्तर. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. पण चार माणसं कुठं निवांत टेकलेली दिसली की ती शिट्टी बाहेर येते, आणि तिच्यामागून दुसऱ्या खिशातून कागदी कप, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं आणि पुडीतले शेंगदाणे. मग तो घसा साफ करून जाहीर करतो, "खर्च नाय, कटकट नाय, निस्तं हसायचं."

खर्च नाही हे खरं. कटकट मात्र इतकी की विचारू नका.

आम्ही चौघं कंपनीच्या एकाच बसनं जाणारे जुने दोस्त. मी, रफिक, सोपान आणि हा दिगू. दर रविवारी दुपारी गारखेड्यात माझ्या गच्चीवर जमायचं, रफिकनं घरून आणलेला मटणाचा नान-खलिया खायचा आणि पाय पसरून गप्पा मारायच्या, एवढी साधी आमची अपेक्षा. आठवडाभर मशीनचा खडखडाट ऐकलेल्या माणसानं याहून जास्त काय मागावं? पण डब्याचं झाकण उघडायच्या आत शिट्टी वाजते. "आधी खेळ, मंग जेवण." मग स्ट्रॉनं शेंगदाणा ओढून या ताटलीतून त्या ताटलीत टाका, नाहीतर डोळे बांधून मोज्यांच्या जोड्या लावा. मोजे त्याचेच असतात. धुतलेले असतात असं तो म्हणतो. तोवर खलिया गार होऊन वर चरबीचा थर धरतो.

बरं, खेळ तरी कसला, परीक्षाच. सोपानच्या मिशीला शेंगदाणा चिकटला तर तो फाऊल. रफिकनं हळूच एक खाल्ला तर पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा वैतागून म्हटलं, "उरक रे बाबा लवकर." तर म्हणतो कसा, "इलास, घाईत कुणी हसतं व्हय?" आणि हा स्वतः? शिट्टी दातांत धरून ताप मोजणाऱ्या डॉक्टरसारखा आमच्या तोंडांकडे बघत बसतो.

कळस झाला तो सोपानच्या मुलीच्या साखरपुड्यात. व्याही कन्नड तालुक्यातले, ऊस आणि फेटा दोन्ही बाळगून असलेले वजनदार गृहस्थ. जेवणाला जरा अवकाश होता, तेवढ्यात दिगूला हुरूप आला. कपाळावर बिस्किट ठेवायचं आणि हात न लावता, नुसतं तोंड वेडंवाकडं करत ते ओठांपर्यंत आणायचं, हा त्याचा लाडका खेळ. त्यानं व्याह्यांनाच खुर्चीत मागे रेलायला लावलं आणि शिट्टी फुंकली. माणूस उमदा. आठ्या घालत, भुवया उडवत त्यांनी बिस्किट नाकापर्यंत आणलं, मग मिशीपर्यंत. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. शेवटी आ वासून ते झटक्यात पुढं झाले. बिस्किट आत गेलं आणि वरची कवळी बाहेर येऊन मांडीवर पडली.

सगळा हॉल चिडीचूप. त्या शांततेत दिगूनं शिट्टी वाजवून निकाल दिला, "बिस्किट आत गेलंय. पाव्हणे जिंकले."

सोपान आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग एके दिवशी, दिगू रजेवर होता तेव्हा, बसमध्ये माझ्याकडे वळला. "सोयरीक मोडता मोडता वाचली, विलासराव. आता एक तर त्याचे खेळ राहतील, न्हायतर मी."

"सच्ची बात है," रफिक म्हणाला. "हर इतवार खाना ठंडा होरा. तूच बोल उसको, तेरी सुनता वो."

मला तर हे काम हवंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी मुकुंदवाडीला त्याच्या खोलीवर गेलो. लग्न त्यानं केलंच नाही, आणि पाचोडला आई होती ती वारल्यापासून तो या खोलीत एकटाच असतो. वाटेत मी भाषण पाठ केलं. शिट्टी घरी ठेवून यायचं, नाहीतर गच्चीवर यायचंच नाही.

दार अर्धवट उघडं होतं आणि आत माणसं बोलत होती. "माझं बीपी वाढंल बरं का," हा सोपान. "जल्दी कर मियाँ, भूक लगी," हा रफिक. हे दोघं माझ्याआधी कसे पोचले?

मी डोकावलो. फरशीवर मधोमध कागदी कप मांडलेले. तीन बाजूंना एक उशी, एक कळशी आणि एक हेल्मेट. दिगू सरकत सरकत एकेका जागी जात होता. उशीपाशी तो सोपान व्हायचा, कळशीपाशी रफिक. बाटलीचं झाकण कपात टाकायचा, नेम चुकला की त्यांच्यासारखा कुरकुरायचा आणि खडूची रेघ पुसून जरा जवळ आखायचा. सोपानला वाकावं लागू नये म्हणून त्याची रेघ तर कपांना टेकलीच होती.

मग तो हेल्मेटपाशी आला. "उरक रे बाबा लवकर," तो माझ्या आवाजात खेकसला. अगदी हुबेहूब. मला त्याचाही राग आला. त्यानं झाकण फेकलं, ते नेमकं कपात पडलं. त्यानं कपात डोकावून बघितलं. मग माझ्याच आवाजात, पण हळू म्हणाला, "दिगू, मजा आली रे आज."

हे मी त्याला कधीच म्हटलेलं नाही. आमच्यापैकी कुणीच नाही.

मी खाकरलो, तसा तो ओशाळून उठला. "निस्तं बघत होतो, कुणाला कुठं कंटाळा येतो ते. कंटाळलात तर पुढच्या रविवारी कोण येतंय? तू काय काम काढलंस?"

"काही नाही. इकडून चाललो होतो."

त्यानं हेल्मेट उचलून मला जागा करून दिली. आम्ही खेळलो. माझं एकही झाकण कपात गेलं नाही, एक तर थेट दाराबाहेर गेलं आणि त्याचा मला फाऊल बसला. चिडचिड व्हायची ती झालीच. सोपानचं काय करायचं ते माझं मी बघेन, असं ठरवून निघालो. चपला घालता घालता म्हणालो, "दिगू, मजा आली रे आज."

पण माझ्या आवाजात हे वाक्य त्याला जितकं चांगलं जमलं होतं, तितकं मला जमलं नाही.