तालमीशिवाय रंग नाही

आमचे शेजारी गजाभाऊ शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचे असले, की गुरुवारी एकदा रिकामी पिशवी घेऊन जाऊन येतात. बस कधी सुटते, कोणत्या बाजूला ऊन लागते, सगळे बघतात. गुरुवारी मिरचीवाली नसते, पण ती बसणार ती जागा बघून येतात.

आमच्या धारगळात जत्रेच्या नाटकाला त्यांनी तीस वर्षे पडद्याआडून प्रॉम्प्टिंग केले. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आधी एकदा करून बघावी, असे त्यांचे मत. "तालीम केल्याशिवाय तोंडाक रंग लावचो नाय," हे दिवसातून चारदा तरी म्हणतात. दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी आमच्या पायरीवर ते अर्धा तास तोंड उघडून बसले होते. येणारा-जाणारा काय झाले म्हणून विचारायचा आणि त्यांना उत्तर देता येत नव्हते.

त्यांची बायको, मालतीवयनी, एका सकाळी अचानक गेल्या, तेव्हापासून ते एकटेच. संध्याकाळचा चहा माझी समीक्षा नेऊन देते आणि तिथेच त्यांच्या बल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, अभ्यासाला बसते.

समीक्षा बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचे होते आणि त्याची प्रवेश परीक्षा एकदाच. मुलगी हुशार, पण पेपर हातात पडला की हातपाय गार. त्यात माझ्यावर गेली आहे. शाळेने म्हापशाला सराव परीक्षा ठेवली. तिचे गुण कुठेच धरणार नव्हते. जे धरणारच नाहीत त्यासाठी रविवार कशाला घालवायचा, असे मला वाटले. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला एकदाच व्हायची ती परीक्षाही पुष्कळ वाटायची.

गजाभाऊ म्हणाले, जायलाच हवे. वर म्हणाले, सराव परीक्षेचीसुद्धा आधी तालीम हवी.

शनिवारी त्यांनी बल्कावात टेबल मांडले, घड्याळ ठेवले, नाटकाची घंटा आणली. परीक्षेला घालणार तोच ड्रेस समीक्षाला घालायला लावला. तिसऱ्या घंटेला पेपर सुरू. देखरेख करणारी बाई मी. पाहुणा आला तरी मी आत पळते, आणि मला म्हणे कडक पावलांनी फेऱ्या मारायच्या. मी मारल्या, खाली बघून. गजाभाऊ म्हणाले, "वयनी, पोरगी थंय बसली आसा. जमनीकडे काय बघतास?"

पण चूक केली ती त्यांनीच. समीक्षा एका प्रश्नाला अडली. कोणी अडले की सांगायचे, ही तीस वर्षांची सवय. विज्ञान तर येत नाही. दाराआडून कुजबुज आली, "महाराज, घात झाला."

समीक्षाला हसू आवरेना. त्या हसण्यात हातपाय गार पडायचे राहून गेले.

रविवारी मात्र ती रडत परत आली. सातवा प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेत काळा करायचा त्याचा गोळा रिकामा सोडायला विसरली. आठव्याचे उत्तर सातव्याच्या गोळ्यात, नवव्याचे आठव्याच्या, आणि तसेच शेवटपर्यंत. गजाभाऊंनी तिच्या हातावर लाडू ठेवला. "बरां झालां गो बाय," ते म्हणाले. "तालमीत चुकलां तां चुकलां न्हय."

मग रोज संध्याकाळी आधी आकड्यावर बोट, मग गोळा, असे महिनाभर चालले. खऱ्या परीक्षेला ती निघाली तेव्हा त्यांनी आमच्या फाटकात उभे राहून तीन घंटा दिल्या. तिला प्रवेश मिळाला. कॉलेज लांब, त्यामुळे हॉस्टेलवर राहायचे.

ती जायला पंधरा दिवस होते. एका संध्याकाळी चहा घेऊन गेली तर गजाभाऊंचे दार लावलेले. आतूनच म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवशीही तेच. पेढे त्यांना आधी द्यायचे राहिले म्हणून रागावले असतील, असे मला वाटले. तिसऱ्या दिवशी कप घेऊन मीच गेले आणि दार ढकलले. गजाभाऊ बसले होते. समोर समीक्षाची रिकामी खुर्ची, बाजूला घड्याळ.

आमचे काही चुकले का, असे मी जमिनीला विचारले.

"तुमचां काय चुकलां नाय, वयनी," ते म्हणाले. "तालीम करतंय. समीक्षा नाय असा समजान सांज काढतंय. काल पाऊण तास जमलां." मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "मालतीच्या वेळाक तालीम झाली नाय."

समीक्षा माझ्या मागून कधी आली होती कोण जाणे. दाराआडून हळूच आवाज आला, "महाराज, घात झाला."

गजाभाऊंनी घड्याळ पालथे घातले आणि खुर्ची दाराकडे सरकवली.