वरच्या कप्प्यातली हृदयं

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या एका प्रयोगशाळेत उबवणीच्या पेटीतली चोवीस हृदयं बंद पडलेली आढळली. सगळी वरच्या कप्प्यातली. खालच्या कप्प्यातल्या कोंबडीच्या चोवीस अंड्यांत मात्र सगळं सुरळीत धडधडत होतं. अकरा वाजता समिती येणार होती.

डॉ. नेवेंका चिरिच खुर्चीत बसली नाही, कोसळली!

वरची पिल्लं आजारी, म्हणजे तिनेच आजारी केलेली. चौथ्या दिवशी अंड्याला खिडकी पाडून इवल्याशा हृदयाला धागा बांधायचा, की डावी बाजू खुरटी राहते. काही माणसांची बाळंही तसंच हृदय घेऊन जन्मतात. मग अल्ट्रासाउंडवर रोज पाहायचं. गेल्या शुक्रवारपासून ही खुरटी हृदयं खालच्या निरोगी हृदयांपेक्षा भलतीच जोरात धावत होती.

"दुबळं हृदय जगण्यासाठी धावतंय, सर! तीन वर्षांत पहिल्यांदा हाती काही लागलंय!" असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. प्राध्यापक तिहोमिर यांनी ते त्याच पावली समितीला फोनवर कळवलं. प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते समितीच ठरवणार होती.

आता पडद्यावर नोव्हेंबरातल्या आभाळासारखं करडं काहीतरी होतं, आणि त्यात काहीच हलत नव्हतं.

"तापमान?" प्राध्यापकांनी दारातूनच विचारलं.

"साडेसदतीस. काट्यावर!"

"मग मेली कशाने? कंटाळून?"

नेवेंकाने वरच्या कप्प्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आत भट्टी पेटली होती! तिने पेटी पुढे ओढली. मागे पंख्याची वायर निघालेली. नुसती निघालेली नाही, तर नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेली.

असं नेटकं काम इमारतीत एकच व्यक्ती करत असे.

"ल्युबिंकामावशी!"

सफाईवाल्या ल्युबिंकामावशी बादलीसकट आल्या. "काय झालं, डॉक्टरीणबाई?"

"हा पंखा कुणी काढला?"

"मी. गुरुवारी."

"का?"

"का म्हणजे? सगळा वारा वरच्या कप्प्यावर! आणि आजारी पोरं नेमकी तिथेच! धडधाकटांचं एक वेळ चालेल. पण ज्याचं हृदयच अधू आहे त्याला आरपार वाऱ्यात ठेवायचं? असल्या वाऱ्याने धडधाकट माणूसही मरतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! तुम्ही डॉक्टर ना?"

"मावशी, ती अंड्यात आहेत!"

"खिडकी पाडलेल्या अंड्यात," मावशी ठामपणे म्हणाल्या.

पंखा बंद, म्हणजे गरम हवा वर, गार खाली. तापमापक खाली लटकलेला. तो इमानाने साडेसदतीस दाखवत राहिला आणि वरची अंडी शिजत राहिली. नेवेंका मनात दिवस मोजत होती. गुरुवारी पंखा बंद, शुक्रवारपासून हृदयं जोरात... दुबळी हृदयं जगण्यासाठी वगैरे काही धावत नव्हती. त्यांना ताप चढला होता!

"समितीला काय सांगायचं?" प्राध्यापक पुटपुटले. "खालचीच दाखवू. आजारी आहेत म्हणू."

"नाही, सर."

"नेवेंका, तीन वर्षं!"

"माहीत आहे."

अकराला समितीची तीन माणसं आली. नेवेंकाने पंखा, मावशी, ताप, सगळं सांगितलं. शोध लागलेला नाही, हेही सांगितलं. मावशी बादली धरून कोपऱ्यात रडत होत्या. मेलेल्या पिल्लांची संख्या कळल्यापासून त्या थांबल्याच नव्हत्या.

समितीच्या अध्यक्षीणबाईंनी वही मिटली. "वारा नेमका कुठून येत होता? पाठीमागून?"

"हो."

"थेट अंगावर?"

"हो."

"हं." बाईंनी मावशींकडे पाहिलं. "मीही काढला असता."

बाकी दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. पण मग बाईंनी वही पुन्हा उघडली आणि लिहिलं. काय, ते कुणाला दिसलं नाही.

प्राध्यापकांना घाम फुटला होता. त्यांनी उठून खिडकी उघडली. दार उघडंच होतं.

"सर, वेडे आहात का? आरपार वारा!" म्हणत नेवेंकाने झेप घेऊन खिडकी धाडकन लावली. मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले.

निकाल शुक्रवारी कळवणार होते. आज सोमवार. अजून कळवलेलं नाही. पंखा चालू आहे, वायरीवर नेवेंकाच्या अक्षरात 'हात लावू नये' अशी चिठ्ठी आहे. वरच्या कप्प्यात नवी चोवीस अंडी आहेत. आणि पेटीसमोर नेवेंका मानेला दोन वेढे मफलर गुंडाळून बसली आहे.