चौकट क्रमांक सतरा

"चौकट रिकामी ठेवता येत नाही, मिनेगिशीसान," तोगाशी म्हणाला.

सायो मिनेगिशीने पाटीवर लिहिलं, "मला ऐकू येत नाही, असं भरा."

"ते पहिल्या पानावर आहे. हे चौथं पान."

साबाए गावातल्या अपंग प्रौढांच्या नोकरी-तयारी केंद्रात सायोची दोन वर्षं मार्चअखेर संपत होती. सरकार दोनच वर्षं देतं. तेवढ्यात माणूस तयार झाला नाही, तर तो आश्रित कार्यशाळेत टॉवेलांच्या घड्या घालायला मोकळा. वास्तविक सायो तयारच होती. चष्म्याच्या कारखान्यात तिने अकरा वर्षं फ्रेमा तपासल्या होत्या. केसाएवढा चरा तिच्या नजरेतून सुटत नसे. कारखाना बुडाला, त्यात तिच्या नजरेचा दोष नव्हता. तरी नोकरी कशी करतात हे तिला तोगाशी शिकवत होता. तो सव्वीस वर्षांचा होता आणि ही त्याची पहिलीच नोकरी होती.

आता दुसऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर जागा निघाली होती. सायोला तेच टेबल हवं होतं. पण चोवीस चौकटींचं पत्रक पूर्ण झाल्याशिवाय मुलाखत नव्हती. तेवीस भरल्या होत्या. सतरावी होती 'दूरध्वनीवरील संभाषण'.

"कॉम्प्युटर पुढे जाऊच देत नाही हो," तोगाशी काकुळतीला आला. "असं करू, सराव करू. मी ग्राहक होतो. समोरच बसतो."

पहिल्या दिवशी त्याने रिसीव्हर तोंडासमोर धरला. सायो गप्प बसून राहिली आणि त्याने शेरा लिहिला, 'किंचित लाजाळू'. दुसऱ्या दिवशी रिसीव्हर जरा बाजूला सरकला. सायोने त्याचे ओठ वाचले, पाठ केलेली उत्तरं एरवी कधी न वापरलेल्या खणखणीत आवाजात दिली आणि शेवटी रीतसर फोनपुढे वाकली. तोगाशीच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकटीत 'उत्तम' पडलं.

मुलाखतीला कारखान्याचे नोकरभरती बघणारे कुरोमिया बसले होते. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"लोक उगाच म्हणतात, यांना फोन जमत नाही म्हणून," ते तोगाशीला म्हणाले. "आम्हाला तर फोनवर माणूसच टिकत नाही."

सायोने पाटी उचलली. तोगाशीने तिच्याकडे वळून ओठ सावकाश हलवले, "आधी पदरात पाडून घ्या. तक्रार मागाहून."

मार्चचे नऊ दिवस उरले होते. सायोने पाटी खाली ठेवली आणि फोनची खुर्ची पदरात पाडून घेतली.

तपासणीचं टेबल गेलं त्याच केंद्रातल्या निशिगाकींना. पन्नाशीचे, मधुमेहाने डोळे अधू झालेले. फ्रेम नाकाला लावल्याशिवाय त्यांना ती आहे हेही कळत नसे. पण त्यांच्या पत्रकात 'बारीक वस्तूंची पारख: उत्तम' असं होतं. सरावाला बारीक वस्तू दिसेनात म्हणून तोगाशीने त्यांच्यापुढे हातभर लांबीचे पांढरे मुळे ठेवले होते.

कामाच्या पहिल्या सकाळी फोन वाजतोय हे सायोला कळलं, कारण तपासणीच्या टेबलावरून निशिगाकी तिच्याकडे तोंड करून बसले होते. तिने पाटीभर एकच शब्द लिहिला आणि त्यांच्या नाकाशी धरला. "उठा."

"कुठे जाऊ?"

तिने फोनकडे बोट दाखवलं.

"पावली बाई," निशिगाकी म्हणाले आणि रिसीव्हर उचलून बोलले, "नमस्कार, मिनेगिशी बोलतेय."

तीन महिने झकास गेले. कुरोमिया वरच्या मजल्यावर बसत. जिन्यावर पाऊल वाजलं की निशिगाकी टेबलावर थाप मारत, आणि दोघं आपापल्या कागदोपत्री खुर्चीत जाऊन बसत.

उमेदवारीची मुदत संपली त्या दिवशी कुरोमिया तोगाशीला घेऊन खाली आले.

"निशिगाकीसान, तीन महिन्यांत एक चरा बाहेर गेला नाही. तुम्हाला कायम करतोय." मग ते सायोकडे वळले. "मिनेगिशीसान, तुम्ही मनापासून करता, पण ग्राहक म्हणतात, बाईंचा आवाज फार घोगरा. तुमची मुदत तीन महिने वाढवू. आवाज सुधारा."

"आमच्याकडे आवाजाचा वर्ग आहे," तोगाशी लगबगीने म्हणाला.

निशिगाकी उभे राहिले. मानेपर्यंत लाल झाले होते. "साहेब, खरं सांगतो. ते काम माझं नाही. एकूण एक फ्रेम मिनेगिशीसाननी तपासलीय. मी काही केलेलं नाही."

कुरोमिया तोगाशीला म्हणाले, "बघितलंत? सगळं श्रेय सहकाऱ्याला. ही नम्रता हल्लीच्या पोरांत कुठे सापडते?"

"नम्रतेची आमच्याकडे वेगळी चौकट आहे," तोगाशी म्हणाला.

"अहो, नम्रता नाही ही, खरं बोलतोय मी," निशिगाकी म्हणाले.

"बघा, अजूनही," कुरोमिया म्हणाले आणि दोघं वर गेले.

फ्रेमांचा दुपारचा ट्रे आला. फोन वाजला असावा, कारण निशिगाकी खाल मानेने त्या खुर्चीकडे गेले. सायोने साठ फ्रेमा तपासल्या आणि दोन बाजूला काढल्या. तपासणीच्या चिठ्ठीवर आजवर निशिगाकींच्या नावाचा शिक्का पडत आला होता. आज तिने पर्समधून स्वतःचा शिक्का काढला, शाई लावली आणि जरा जोरातच दाबला.

अर्ध्या तासात चिठ्ठी परत आली. मागे कुरोमियांचं अक्षर होतं: 'शिक्का चुकीचा आहे. साठही फ्रेमा निशिगाकीसानकडून पुन्हा तपासून घ्याव्यात.'