कडी आतून लागते का?

तपासणीचा फॉर्म आदल्या संध्याकाळी घरीच भरून टाकायचा, असं शेरेमास्तरांनी ठरवलं. एवढंच. वाईट हेतू काही नव्हता. फॉर्ममध्ये कलमं बत्तीस, आणि जागेवर उभं राहून लिहिताना अक्षर बिघडतं. मास्तरांना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटे, खराब अक्षराची आणि बायकोची. (क्रम त्यांनी दिलेला आहे. खरा उलटा आहे.)

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली, आणि प्रत्येक कागदाच्या समासात शेरा मारल्याशिवाय तो पुढे जाऊ दिला नाही, म्हणून कचेरीने ठेवलेलं हे नाव. निवृत्त झाल्यावर कागद संपले. शेरे शिल्लक होते. ते घरात पडू लागले. बायको घरातच शिवणकामाचं दुकान चालवायची. तिच्या सुयांच्या डब्यावर 'वर्गवारी नाही', मशिनवर 'तेलपाणी वेळेवर व्हावे' अशा चिठ्ठ्या दिसू लागल्या. एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईच्या ब्लाउजवर 'बाही पाहावी' अशी चिठ्ठी टाचलेली निघाली आणि बायकोने कात्री खाली ठेवली.

"अहो, तपासायची एवढी हौस आहे ना? मग बाहेर तपासा. बाहेर गरज आहे."

नगरपालिकेने नुकतीच नागरिक देखरेख समिती काढली होती. सार्वजनिक सोयींवर नागरिकांनीच नजर ठेवायची, अशी कल्पना. अर्ज बायकोनेच भरला. सहीपुरते मास्तर.

पहिलंच काम आलं ते भाजीमंडईतल्या स्वच्छतागृहाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पालिकेच्या सभागृहात खुली सुनावणी होती. मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर पट्टी, पेन घेऊन बैठक मारली. पाणी येते का? बरोबर. दिवा लागतो का? बरोबर. बिजागऱ्या मजबूत? बरोबर. एकतीस बरोबर झाल्यावर त्यांनी पेन थांबवलं. बत्तीसच्या बत्तीस बरोबर असले तर कुणाला खरं वाटणार? मग एका कलमापुढे 'साबणाची वडी लहान आहे' असा शेरा मारला. फॉर्म कसा जिवंत झाला! त्यांनी त्याचा फोटो काढला आणि समितीच्या ग्रुपवर टाकूनही दिला. सगळ्यांत आधी.

"झाली तपासणी?" बायकोने मशिनवरून विचारलं.

"तत्त्वतः झाली. उद्या फक्त जाऊन बघायचं."

"बायकांची बाजू नीट बघा हो. त्या मंडईतल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत."

"बघतो," मास्तर म्हणाले. म्हणजे ऐकलं नाही.

सकाळी दहाला मास्तर कडक इस्त्रीच्या शर्टात मंडईत पोचले. राखणदार चहाला गेला होता. एवढं आलोच आहोत तर एखादं कलम प्रत्यक्ष पाहावं, असा प्रामाणिकपणाचा झटका त्यांना आला. कलम चौदा, 'दाराची कडी आतून लागते का?' मास्तर पुरुषांच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरले, दार लावलं, कडी सरकवली. खट्ट! उत्तम लागली.

उघडते का, असं कलम फॉर्ममध्ये नव्हतं.

मास्तरांनी कडी ओढली, ढकलली, रुमालात धरून हिसडली. मग तिला कचेरीतल्या आवाजात दम दिला. कडी ढिम्म. दारावर आतून मदतवाहिनीचा नंबर रंगवला होता. मास्तरांनी फोन लावला.

"नमस्कार, नागरी सुविधा मदतवाहिनी. काय तक्रार आहे?" एका मुलीचा गोड आवाज आला.

"मंडईच्या स्वच्छतागृहाची कडी अडकलीय."

"आतून की बाहेरून?"

"आतून."

"म्हणजे आत कुणी आहे का सर?"

"आहे."

"मग त्यांना उघडायला सांगा ना."

"ते मीच आहे!"

मुलगी जास्तच गोड झाली. "तक्रार नोंदवते सर. कडीचा बाहेरच्या बाजूने एक फोटो पाठवाल?"

"बाहेर येता आलं असतं तर फोटो कशाला पाठवला असता?"

"बरं, फोटोशिवाय घेते. कामाचे सात दिवस लागतील. फक्त तक्रारदार जागेवर हजर पाहिजे हं. आमची माणसं जातात तेव्हा लोक निघून गेलेले असतात."

"मी कुठेही जात नाहीये!" मास्तर ओरडले.

"धन्यवाद सर. असंच सहकार्य ठेवा."

साडेदहा झाले. समोरच्याच इमारतीत अर्ध्या तासात सुनावणी, आणि त्यात पहिलं नाव मास्तरांचं. मान खाली घालून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, मी जरा अडकलोय."

"कशात?"

"कामात."

"मग करा काम. मला तीन ब्लाउज द्यायचेत."

"तसं नव्हे. कामाच्या आत अडकलोय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फोनवर आधी मशीन थांबल्याचा आवाज आला, आणि मग जे ऐकू आलं त्याला हसू आवरणं म्हणतात. ते आवरलं गेलं नाही.

बायको यायच्या आत तिचा फोन मंडईत पोचला होता. स्वच्छतागृहाला लागूनच बटाटेवाली मावशी बसायची; पन्नास किलोचं पोतं एका हाताने ओढणारी बाई. तिचा आवाज दारावर आदळला.

"मास्तर, आत तुम्हीच ना?"

"मीच. पण हळू बोला हो."

"अगं ए, मास्तर अडकलेत आत!" मावशी हळूच म्हणाली, आणि मंडईच्या पार टोकाची कांदेवाली धावत आली. दोन मिनिटांत दारासमोर इतकी गर्दी जमली की आणखी थोडा वेळ गेला असता तर दुकानं लागली असती. त्यात गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन बायको आली.

"ताई, तुम्ही व्हा मागं," मावशी म्हणाली. "मास्तर, बाजूला सरका!"

"कुठे सरकू? तीन फुटांची खोली आहे!"

"मग मागच्या भिंतीला चिकटा!"

मावशीने खांदा लावला. एकदाच. कडी तशीच राहिली. दारच चौकटीतून निघालं आणि आत येऊन मास्तरांवर टेकलं. वहीत पिंपळपान ठेवतात तसे मास्तर भिंत आणि दार यांच्यामध्ये सपाट उभे होते. इस्त्री शाबूत होती.

त्यांना बाहेर काढल्यावर बायको त्यांच्याकडे न बघता दाराकडे बघत होती. बिजागऱ्यांना आठ भोकं, स्क्रू फक्त दोन. बाकीची भोकं पुट्टीने बुजवून रंगवलेली.

"नुसतं टाचून दिलंय," ती म्हणाली. "शिवलेलंच नाही." मग ती पलीकडे वळली. बायकांच्या बाजूला भलं मोठं कुलूप होतं. वर पाटी होती, 'दुरुस्ती चालू आहे'. पाटीवर कोळ्याने जाळं विणून संसार थाटला होता.

"किती दिवस बंद आहे मावशी?"

"आठ महिने झाले ताई. पहाटे येते ती अंधार पडता घरी जाते. घोटभर पाणी प्यायला भीती वाटते. गेल्या महिन्यात या कांदेवालीला दवाखान्यात न्यावं लागलं."

कलम एकोणीस मास्तरांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. 'महिला विभाग चालू आहे का?' बरोबर. सुवाच्य अक्षरात.

"घ्या गं ते दार," बायको म्हणाली. "सुनावणीला नेऊ."

चौघीजणींनी दार उचललं. पुढे दार, मागे मंडई, आणि सगळ्यांत मागे मास्तर, अशी ती मिरवणूक सभागृहात शिरली तेव्हा पालिकेचे अभियंतासाहेब उभे राहून मोबाइलवरून वाचून दाखवत होते.

"...बत्तीसपैकी एकतीस कलमं समाधानकारक. अध्यक्षबाई, हे आम्ही म्हणत नाही. समितीच्या सन्माननीय सदस्यांनी जागेवर जाऊन प्रमाणित केलंय. फक्त साबणाची वडी लहान असल्याचं त्यांनी नोंदवलं, ती मोठी करण्याचे आदेश दिलेत. महिला विभागही चालू आहे, असं त्यांनीच..."

त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. वाचन थांबलं.

बायको मात्र दाराकडे बघत नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, रागाचे सगळे प्रकार मास्तरांच्या ओळखीचे होते. हा राग नव्हता. तिला खरंच वाटत नव्हतं की हे त्यांनी लिहिलं असेल. त्यापेक्षा ती कडी बरी, असं मास्तरांना वाटलं.

ते पुढे येऊन उभे राहिले.

"तो फॉर्म खोटा आहे," ते म्हणाले. "मी घरी बसून भरला. जेवणाच्या टेबलावर. साबणाची वडीसुद्धा मी पाहिलेली नाही. बायकांची बाजू आठ महिने बंद आहे, आणि मी तिथे 'बरोबर' लिहिलंय. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. आज माझ्यावर मारा."

तेवढ्यात मावशीने हातातलं दाराचं टोक खाली ठेवलं. "मास्तरांचं काय ते मागाहून बघा. आधी आमचं कुलूप काढा. मी पहाटेपासून पाणी प्यायले नाही, आणि आता हे दारपण उचललंय."

"चावी हरवलेली आहे," अभियंतासाहेब म्हणाले. "नवीन चावीचा प्रस्ताव वर पाठवलाय."

चहा संपवून आलेला राखणदार दारात उभा होता. तो निरागसपणे म्हणाला, "हरवली कुठं साहेब? तुमच्या स्कूटरच्या किल्ल्यांत आहे की! ती काय टेबलावर."

अध्यक्षबाईंनी स्वतः किल्ल्या उचलल्या आणि त्या तडक मंडईत गेल्या. कुलूप निघालं, दार ढकललं, आणि आतून खणखणाट करत पत्र्याच्या पाट्यांचा ढीग बाहेर कोसळला. दोनशे पाट्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही जागा तुमची आहे. नागरिक देखरेख समिती.'

"ठेवायला दुसरी जागा नव्हती," अभियंतासाहेब पुटपुटले.

त्या पाट्या अध्यक्षबाईंनी त्यांच्याच केबिनमध्ये हलवायला लावल्या. संध्याकाळपर्यंत बायकांची बाजू धुऊन, पाणी सोडून चालू झाली. मावशी आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि मग ऐटीत आत गेली.

घरी आल्यावर बायकोने गळ्यातली मोजपट्टी काढून ठेवली. मग म्हणाली, "लिहिलंत ते वाईटच. पण उभे राहिलात, ते बरं केलंत." मास्तरांना छत्तीस वर्षांत एवढा चांगला शेरा मिळाला नव्हता.

पुढच्या महिन्यात समितीचं परिपत्रक आलं. मास्तरांना काढलं नव्हतं. 'सदस्याने तपासणीस जाताना सोबत एक जबाबदार व्यक्ती न्यावी,' एवढंच म्हटलं होतं.

"बघ," मास्तर छाती फुगवून म्हणाले, "मला मदतनीस देणार आहेत."

"मदतनीस नव्हे, जबाबदार व्यक्ती. आम्ही दोघी जातोय, मी आणि मावशी."

"आणि मी?"

"मावशींच्या दुकानावर कुणीतरी बसायला नको का?"

म्हणून आता दर मंगळवारी त्या दोघी बागा, दवाखाने, पाणवठे तपासत हिंडतात आणि मास्तर मंडईत बटाट्यांच्या ढिगामागे बसतात. पहिल्याच दिवशी एक म्हातारी बाई आली. मास्तरांनी लगबगीने तागडी उचलली, वजनं लावली, बटाटे निवडून घातले. बाईने ते सगळं शांतपणे पाहिलं आणि पिशवीचं तोंड मिटून घेतलं.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "मावशी येईपर्यंत मी थांबते."