गुणवंतकाकांची नामवंत मंडळी

आमच्या कॉलनीत कुणाला शुगर निघाली, की डॉक्टरच्या आधी गुणवंतकाका भुयारांना कळतं. चपला काढता काढताच ते विचारतात, ‘‘गोयी का सुई?’’

गोळी म्हटलं तर एक खलनायक मिळतो, सुई म्हटलं तर एक धावपटू. काकांच्या काखेत जाडजूड फाइल असते. ज्या ज्या नामवंतानं आपल्याला मधुमेह असल्याचं जाहीर कबूल केलं, त्या प्रत्येकाचं कात्रण तिच्यात आहे. नट आहेत, खेळाडू आहेत, एक माजी मंत्रीही आहेत. काका माणूस बघून जोडी लावतात आणि कात्रणाची झेरॉक्स देतात. देशपांडेबाईंना गझलगायक मिळाला, तेव्हा त्या रुसल्या. त्यांना नृत्यांगना हवी होती.

‘‘ते गेली जी,’’ काका म्हणाले. ‘‘चौधरीनबाईले देल्ली.’’

जन्मभर वीज मंडळात मीटर रीडर होते. त्यामुळे ‘कशी आहे तब्येत’ नाही, ‘‘उपाशीपोटी रीडिंग किती?’’ आकडा ऐकून असे बघतात, जणू समोरच्यानं मीटरमध्ये काडी घातलीय.

खरं सांगतो, हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. ज्या नटीची मुलाखत ते नाचवत फिरत, तिच्या घरी आचारी, व्यायामाला माणूस, दारात गाडी. तिला मधुमेह परवडतो. पण तिची ती मुलाखत टीव्हीवर झाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या चौकातल्या लॅबसमोर रांग लागली. माझ्या सख्ख्या भावाची शुगर त्या रांगेतच सापडली. हे मी काकांना कधी बोलून दाखवलं नाही. कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही.

मागच्या दिवाळीत आमच्या मुक्ताला दवाखान्यात टाकावं लागलं. दहा वर्षांची पोर. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, जन्मभर. आम्ही सगळ्यांना टायफॉइड सांगितला. ‘‘मुलीची जात आहे, उद्या लग्न व्हायचंय,’’ बायको म्हणाली. आणि मी, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा मी, मान हलवली. काकांनी मात्र मला मेडिकलमधून इन्सुलिनची बर्फातली पिशवी घेऊन निघताना पाहिलं होतं. चार दिवसांनी आले, आम्हाला काहीच बोलले नाहीत, मुक्ताच्या हातात एक घडी घातलेली झेरॉक्स देऊन गेले.

वर्ष सरलं. शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली. जायचं तर वर्गाच्या बाईंना सुईचं सांगावं लागणार, आणि सांगायचं नसेल तर जायचं नाही. बायकोनं दुसरं निवडलं. मुक्तानं तीन दिवस आमच्याशी अबोला धरला.

त्याच आठवड्यात ती मुलाखतवाली नटी अमरावतीत आली. मधुमेह जनजागृतीची पदयात्रा होती. काका पंधरा दिवस आयोजकांच्या मागे लागले होते. तिनं फक्त दोन वाक्यं बोलावीत: ‘मी सुई घेते. माझं लग्न झालंय, संसार चालू आहे.’

‘‘काका, तिचं लग्न कशाला मध्ये?’’ मी हसलो. ‘‘आहार सांगू द्या.’’

‘‘आहार सारेच सांगतेत,’’ ते म्हणाले.

नटीबाई दीड तास उशिरा आल्या. ‘हॅलो अमरावती’ म्हणाल्या, चालत राहा म्हणाल्या, हसत राहा म्हणाल्या, प्रायोजकाच्या बिस्किटांची तारीफ केली आणि फुगे सोडले. काका पहिल्या रांगेत उठून उभे राहिले. ‘‘मॅडम, सुईचं सांगा जी!’’ एका कार्यकर्त्यानं खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. बाईंनी त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि गाडीत बसल्या. पदयात्रेतली अर्धी माणसं गाडीमागे सेल्फीसाठी धावली. उरलेल्यांना नाश्त्याचे डबे वाटले. डब्यात पेढा होता.

‘‘घ्या काका, जनजागृती,’’ मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

ते हसले नाहीत. मंचाच्या पायरीवर बसले.

‘‘माह्या सुनंदाले अकोल्यात देल्ली होती,’’ ते म्हणाले. ‘‘तिची बी सुई होती. सोयरीक जुयली तवा मी सांगतलं नाही. तिले बी बोलू देल्लं नाही. दर महिन्याले एसटीनं जाओ, बर्फीच्या डब्ब्यात खाली इंजेक्शनं लपवून. वरची बर्फी सासू पहिले तिलेच चारे. बापानं आनली मनून.’’

मी डबा बंद केला.

‘‘डोहायजेवनाले घर भरलं होतं. दोन दिवस तिले एकटं राहाले जागाच भेटली नाही. सुई राहून गेली.’’

काकांची मुलगी बाळंतपणात गेली, एवढंच कॉलनीला ठाऊक होतं. मलाही तेवढंच. मी भलतंच विचारलं, ‘‘तिला कुणाची जोडी दिली होती?’’

‘‘तवा कोनीच बोलत नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘तिचा बाप बी नाही.’’

मला माझी लाज वाटली. मी तिथूनच मुक्ताच्या वर्गशिक्षिकेला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे वेळा विचारल्या, चक्कर आली तर काय द्यायचं ते विचारलं, इंजेक्शनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवते म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘सर, वर्ष झालं. इतके दिवस का नाही सांगितलं?’’

‘‘ते... कॉलेजच्या गडबडीत...’’

काका शेजारून हळूच म्हणाले, ‘‘खरं सांगा जी.’’

फोनवर बाई वाट बघत होत्या.

‘‘मुलगी आहे म्हणून,’’ मी म्हणालो.