डाव्या हाताचं तत्त्वज्ञान

"ज्याला स्कूलबसचं इंजिन उघडून परत बसवता येतं, त्याला तत्त्वज्ञान काय अवघड आहे!" असं मी मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं.

मुलगी जनेल राहते ॲरिझोनात. तिची आई, माझी व्हर्ना, मार्चमध्ये गेली. तेव्हापासून जनेलचा एकच धोशा: ओहायोतलं घर विका आणि आमच्याकडे या. तिथे उन्हाळ्यात रस्ते इतके तापतात की कुत्र्यांनाही बूट घालतात म्हणे!

"बाबा, तुम्ही दिवसभर खिडकीत बसता. समोरच्या डोनाकाकूंनी सांगितलं मला."

"डोनाला मी दिसतो, म्हणजे तीही खिडकीतच बसते ना!"

शेवटी तह झाला. मी कॉलेजात जायचं आणि रविवारी काय शिकलो ते फोनवर सांगायचं. धड सांगता आलं तर घर राहील. नाहीतर अंगणात 'विकणे आहे'ची पाटी!

आमच्या कम्युनिटी कॉलेजात म्हाताऱ्यांना रिकाम्या खुर्चीवर फुकट बसू देतात. वेल्डिंगच्या वर्गात एकही खुर्ची रिकामी नव्हती. तत्त्वज्ञानाच्या वर्गात पुष्कळ होत्या!

खोली एकशे चौदा. पण या नंबरची खोली दोन्ही इमारतींत आहे, हे मला काय माहीत! विचारायला हवं होतं. आमच्याकडे रस्ता विचारायचं खातं व्हर्नाकडे होतं. मी गाडी चालवायचो, ती काच खाली करायची.

दार उघडलं तर आत पलंग! शेजारी स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, पलीकडे न्हाणीघर. मला वाटलं, हल्ली तत्त्वज्ञान असं शिकवत असतील. नाहीतरी विचार करायला पलंगासारखी जागा नाही.

"आलात! बरं झालं!" बसच्या भोंग्यासारख्या आवाजाच्या एक बाई धावत आल्या. मिसेस डब्रोव्स्की. "मुलींनो, हे आपले आजचे काका. बसा काका, पलंगावर बसा."

मी बसलो. निळ्या गणवेशातल्या मुलींनी कोंडाळं केलं. टमिका नावाची एक समोर स्टुलावर बसली.

"काका, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?"

पहिल्याच मिनिटाला! मला वाटलं होतं, आधी हजेरी तरी घेतील.

"नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"सकाळी उठल्यावर काय करावंसं वाटतं?"

"काही नाही."

"बघा, असंच असतं!" बाई खूश.

मग टमिकाने माझा डावा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. "हा हात आता तुमचं ऐकत नाही, हो ना?"

"ऐकतो की! हे बघ!"

"नाही काका. ऐकत नाही."

मी हाताकडे बघत राहिलो. तत्त्वज्ञान अवघड असतं असं ऐकलं होतं, पण इतकं!

मग उजव्या हाताने मोजा घालायला लावला. मोजा अंगठ्यावर टोपीसारखा बसला, पुढे सरकेना.

"अगं, जरा ओढ ना!"

"आम्ही करून देत नाही काका. तुम्ही करायचं, आम्ही बघायचं."

माझा धीर सुटला. "बाई, मला काहीही झालेलं नाही! मी तत्त्वज्ञानाच्या वर्गाला आलोय!"

बाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "वा! काय अभिनय! मागच्या वर्षीचे काका नुसतं 'मी बरा आहे' म्हणायचे. टमिका, पेशंट आजार नाकारतोय. काय करशील?"

"वाद घालणार नाही. कलाने घेईन." ती माझ्याकडे वळली. "जाऊ हं आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गाला. आधी बटणं लावू या."

मी उठून दाराकडे निघालो, तर मी पडेन म्हणून दोघींनी कमरेला पट्टा बांधला आणि मला ओट्यापाशी आणून उभं केलं. आता एका हाताने कॉफी! मुकाट्याने केली. दोन कपांत ओतली.

"दुसरा कोणाला, काका?"

"व्हर्नाला," तोंडातून निघून गेलं. "बायको माझी. मार्चमध्ये गेली. तरी रोज दोन कप होतात. एक ओतून देतो."

मागे एकीने कागद चाळले. "बाई, हे तर पेशंटच्या माहितीत लिहिलेलंच नाही!"

टमिकाने खुर्ची ओढली आणि दुसरा कप उचलून तोंडाला लावला. "कडू आहे."

"तीही हेच म्हणायची."

तेवढ्यात दार उघडलं. एक किडकिडीत प्रोफेसर आत आले. त्यांच्यामागे माझ्यासारखाच चौकड्यांच्या शर्टातला एक म्हातारा, डावा हात लोंबकळत.

"हे तुमचे का?" प्रोफेसरांनी विचारलं. "हा हात माझा नाही, असं तासभर म्हणताहेत. 'माझं' म्हणजे काय, यावरच आमचा सगळा तास गेला. वर्ग इतका कधीच रंगला नव्हता!"

"सेसिल!" बाई ओरडल्या. "अर्धांगाच्या पेशंटचं सोंग इथे, या मुलींच्या सरावासाठी करायचं होतं! तुम्ही तिथे सांगितलं का नाही?"

"तास संपेपर्यंत सोंग सोडायचं नाही, तुमचीच ताकीद! संपला का?"

"संपला."

सेसिलने डाव्या हाताने नाक खाजवलं.

रविवारी फोन आला. "बाबा, तत्त्वज्ञानात काय शिकलात?"

"एका हाताने मोजा घालायला."

"काय घालायला?"

"डावा हात माझा आहे का, ते अजून ठरलेलं नाही. प्रोफेसर मंगळवारी सांगणार आहेत."

सोमवारी जनेल विमानाने हजर!

मंगळवारी तिला पलंगाच्या वर्गात नेलं. बाईंच्या आग्रहाने पेशंट मीच, प्रेक्षकांत मुलगी. एका हाताने बटणं लावली, कॉफी केली, एक कप टमिकाला दिला. जनेल उठली आणि कपाटातून तिसरा कप काढून माझ्यापुढे धरला.

"घर राहू द्या, बाबा," बाहेर पडताना ती म्हणाली. "फक्त एक करा. रस्ता विचारत जा."

"आता काय विचारायचंय! सगळं कॉलेज पाठ झालंय," म्हणत मी ऐटीत बाहेरचं दार उघडलं.

वेल्डिंगचा वर्ग! एकही खुर्ची रिकामी नव्हती.